वेगळ्या बटणाचे दिवे

रंगनाथ सूर्यभान भालेराव. जन्म १९६१, कोल्हार. पशुधन पर्यवेक्षक म्हणून जिल्ह्यात नोकरी केली. २०१९ साली सेवानिवृत्त झाले. पदवीने ते डॉक्टर नव्हेत, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण प्रत्येक नव्या माणसाला ते स्वतः तसे सांगत. तरीही प्रवरेच्या दोन्ही काठांवर त्यांना डॉक्टर याखेरीज दुसरे नाव नाही, आणि निवृत्तीनंतरही गाय अडली की निरोप त्यांनाच येई. असे निरोप बहुधा दिवस कलल्यावरच येतात.

अडचण तिथेच होती. संध्याकाळचा रस्ता त्यांना धूसर दिसू लागला होता. समोरच्या वाहनाचा दिवा फुटून पसरल्यासारखा दिसे, आणि ते वाहन निघून गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नसे. हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. डोळ्यांत दोष निघाला तर पत्नी जयमालाबाई मोटारसायकलची किल्ली काढून घेतील, आणि किल्ली गेली की निरोपही थांबतील, ही भीती त्यांना सोडत नव्हती. म्हणून त्यांनी सारा दोष गाडीच्या दिव्यावर ढकलला.

बसस्थानकाजवळ रिझवान सय्यद यांचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान आहे. तिथे ते गेले.

"रिझवान, या गाडीला उजेडच राहिलेला नाही. दोन जादा दिवे बसव."

"डॉक्टरसाहेब, दिवा झकास हाय की. बल्ब मीच टाकला परवा. बरं, बसवतो, पन डिपरला जोडतो. दिवा खाली केला की जादाचे दोन्ही इझतील."

"नको. वेगळे बटण दे. मला ते सतत चालू लागतील."

"सतत? वरात काढायची का काय?"

रंगनाथराव हसले नाहीत. रिझवानने हँडलवर वेगळे बटण बसवून दिले.

घरी दिवे लावून दाखवले तेव्हा जयमालाबाई डोळ्यांवर पदर धरून म्हणाल्या, "अहो, एवढा उजेड? पहाट झाली म्हणून गल्लीतला कोंबडा आरवेल."

"रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात."

जयमालाबाईंनी वाद घातला नाही. मात्र सांजेला दाराशी काढलेल्या स्वतःच्या चपला पती पायाने चाचपडत शोधतात, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून गाडीचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत त्या दारात उभ्या राहत, आणि तो परत ऐकू येईपर्यंत त्यांचे कशात लक्ष लागत नसे.

डिसेंबर उजाडला. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा सुरू झाल्या. या रांगांचा एक शिरस्ता आहे. पुढच्या जोडीने वाट धरली की मागचे बैल आपोआप चालतात. आणि समोरून येणारा जाणता माणूस गाडीचा दिवा खाली करतो. डोळ्यांवर उजेड आला की बैल बुजतो, आणि बुजलेल्या बैलाला उसाचे ओझे सावरत नाही. हे रंगनाथरावांनीच कित्येक नवशिक्या चालकांना रस्त्यात थांबवून समजावले होते.

त्या संध्याकाळी ते एका अडलेल्या गाईकडे निघाले होते. समोर गाड्यांची रांग आली. त्यांच्या अंगठ्याने सवयीने दिवा खाली केला. जुना दिवा वाकला. वेगळ्या बटणाचे दोन दिवे मात्र तसेच जळत राहिले. धुळीवर तो उजेड पांढरा होऊन पसरला आणि त्यात त्यांना रस्ता मोकळा वाटला. पहिल्या गाडीचा उजवा बैल बिचकून कडेला सरला, त्याचा पुढचा पाय खड्ड्यात मुडपला आणि तो जुवासकट खाली बसला.

"पाखऱ्या! आरं कोन हाय रं त्यो? दिवा इझव आधी!" गाडीशेजारून चालणारी बाई ओरडली.

रंगनाथरावांना बटण चटकन सापडेना. सापडले तेव्हा ती बाई जवळ आली होती. ती पाथर्डीकडून तोडणीला आलेल्या टोळीतील लंकाबाई. या पाखऱ्याच्या खांद्यावरची सूज आठवड्यापूर्वी रंगनाथरावांनीच उतरवली होती.

"डॉक्टर? तुमी?"

टोळीच्या माणसांनी बैलाला जुवातून सोडवले. रंगनाथरावांनी पायावरून हात फिरवला. हाड शाबूत होते. गुडघा मात्र झरझर सुजत होता. बैल उठला तर ठीक. न उठला तर लंकाबाईची गाडी हंगामभर उभी. बैल उठेना.

कोणीतरी फोन केला असावा. रिझवान आपल्या स्कूटरवर जयमालाबाईंना घेऊन आला.

लंकाबाई बैलाच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिने वर न पाहता विचारले, "डॉक्टर, खरं सांगा. आमी तुमाला दिसलो हुतो का?"

रंगनाथरावांनी एकदा पत्नीकडे पाहिले.

"नाही. उजेडच तेवढा दिसला."

"कधीपासून?" जयमालाबाईंनी विचारले.

"दोन वर्षे झाली."

जयमालाबाईंनी मोटारसायकलची किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठीत बांधली.

"आंधळ्याच्या हातात मशाल कुनी दिली ओ?" लंकाबाई म्हणाली. रिझवानने मान खाली घातली. मग ती रंगनाथरावांकडे वळली. "डोळं न्हाईत, पन हात तर हायेत न्हवं? मंग उठवा माझ्या बैलाला."

त्यांनी उठवला. पोत्यांची झोळी बैलाच्या पोटाखाली घालून, चार माणसे दोन्ही बाजूंना लावून, स्वतः गुडघ्याला आधार देत. पाखऱ्या तीन पायांवर उभा राहिला. रिझवान त्या अडलेल्या गाईकडे दुसऱ्या डॉक्टरांना पोहोचवण्यासाठी निघून गेला.

पुढे जे ठरले ते असे. लंकाबाईच्या गाडीला उरलेल्या हंगामापुरता एका बागायतदाराचा बैल रंगनाथरावांनी आपल्या शब्दावर मिळवून दिला. रिझवानने वेगळे बटण काढून जादाचे दिवे डिपरला जोडले. मोतीबिंदूचे निदान होऊन उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नगरला पार पडली. डावा राहिला आहे. किल्ली जयमालाबाईंकडेच असते. ती दिवसा मिळते. संध्याकाळी ज्याला गरज असेल त्याने वाहन पाठवावे, असा निरोप गावोगाव दिला आहे. बोलावणी कमी झाली, थांबली नाहीत.

देणे एकच राहिले. पाखऱ्या पुन्हा जुवाला लावावा की नाही, हे हंगाम संपून टोळी गावी परतल्यावर रंगनाथरावांनी पाथर्डीला जाऊन, गुडघा दाबून पाहून सांगायचे कबूल केले होते. लंकाबाईचा फोन दोनदा येऊन गेला. दिवसा जाऊन दिवसाच परतण्यासारखे अंतर आहे, आणि जयमालाबाईंनी किल्ली आपण होऊन पुढे केली होती. पण ‘लावू नका’ असे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल या भीतीने रंगनाथरावांनी ती उचललेली नाही. ती अजून टेबलावरच आहे.