कोम्पोस्ट-ओपा आणि टोमॅटोमागची दोन झाडं

प्रिय मैत्री आणि राहुल,

मागच्या रविवारी फोनवर राहुलने विचारलं, "आजी, आता इथे जर्मनीत घरी गांजाची तीन झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे. मग आपले कोम्पोस्ट-ओपा क्रिमिनल होते की नव्हते?" तुमची आई जेवायला हाका मारत होती, म्हणून मी "लिहून कळवते" म्हटलं. रेगेन्सबर्गच्या त्या घरात मी तुम्हाला सांभाळायला राहिले तेव्हा तुम्ही फार लहान होतात. तुम्ही त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायचात आणि त्यांच्या पत्नीला ओमा, म्हणजे आजी. तुम्हाला त्यांची हिरवी बादली आठवते. माणूस आठवेल असं लिहायचा प्रयत्न करते.

आपल्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ दुसऱ्याच्या घरचा कचरा हातात घेऊन त्याचा वास घेत. बादली घेऊन दारात उभे राहत आणि मी दिलेली सालं बोटांनी चाळत. भोपळ्याची साल, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा पसंत. एकदा त्यात फोडणीचा कढीपत्ता सापडला तर तो चिमटीत धरून मला दाखवला. "फ्राऊ नाखबारिन, हे शिजलेलं आहे." फ्राऊ नाखबारिन म्हणजे शेजारीणबाई, माझं आडनाव त्यांना कधीच जमलं नाही. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, ताठ, पण व्याकरणशुद्ध. आमचं सगळं बोलणं त्यातच व्हायचं. मी म्हटलं, "एक पान हो! त्याने काय होणार आहे?" ते म्हणाले, "उंदीर. आधी एक पान, मग उंदीर."

ते आयकर कचेरीतून निवृत्त झालेले. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबत, आणि दुसरा कोणी ओलांडू लागला तर "मुलं बघताहेत!" असं मोठ्याने ओरडत. ती मुलं म्हणजे तुम्ही. मला ते आवडायचं. आपल्या घरात कायद्याला मान आहे, कारण संविधानानेच आपल्याला बरोबरीचा हक्क दिला, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

शहराच्या कडेला रेल्वेरुळांलगत त्यांचा श्रेबरगार्टन होता, म्हणजे मंडळाकडून भाड्याने मिळालेला बागेचा तुकडा. तिथे लाकडी फळ्यांच्या खोक्यात ते खत करत. सालं, वाळकी पानं, शेजारच्या तबेल्यातली घोड्याची लीद. विकतचं काही नाही. फावड्याने खालचं वर करत आणि मूठभर काळं खत माझ्या नाकाशी धरून विचारत, "कसला वास?" "जंगलाचा," मी म्हणायची. "गेनाऊ!" अगदी बरोबर. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

तिथेच एका उन्हाळ्यात मला टोमॅटोच्या रांगेमागे दोन उंच झाडं दिसली. होळीला आमच्या मोहल्ल्यात भांग घोटायचे, त्यामुळे पान ओळखायला वेळ लागला नाही.

"अहो, ही तर भांग आहे!"

"या," म्हणजे हो, ते शांतपणे म्हणाले. "हेल्गासाठी."

हेल्गा-ओमा, त्यांची पत्नी, चाकांच्या खुर्चीत असायची. नसांच्या आजाराने तिचे हातपाय आखडत; मूठ वळली की उघडत नसे, पोटऱ्यांत गोळे येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत राहायची. या झाडाच्या फुलांचा अंश घातलेलं लोणी पावाला लावून खाल्लं की संध्याकाळी तिची बोटं सुटत. मग ती तुमच्याशी माउ-माउ खेळायची, स्वतःचे पत्ते स्वतः धरून, आणि लबाडीही करायची.

"लाल दिव्याला थांबणारे तुम्ही," मी म्हटलं, "आणि हे?"

"लाल दिव्यामुळे हेल्गाला दुखत नाही," ते म्हणाले आणि पाणी घालू लागले. मी हे कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मंडळाची तपासणी आली. दर वर्षी येई. अध्यक्ष फूटपट्टी घेऊन कुंपणाची उंची मोजत, भाजीची जागा पुरेशी आहे की नाही पाहत. त्या दिवशी मी तिथेच घेवडा तोडत होते. कुंपण बरोबर, भाजी भरपूर. अध्यक्ष टोमॅटोपाशी थांबले. त्यांनी ती झाडं पाहिली, ओपांकडे पाहिलं. हेल्गाचा आजार सगळ्या बागेला माहीत होता.

"टोमॅटो यंदा खूप उंच वाढलेत, नाही?" असं म्हणून त्यांनी वहीत खूण केली आणि ते वळले. बोलणं जर्मनमध्ये होतं, पण एवढं मला समजलं.

तेवढ्यात ओपा म्हणाले, "तो टोमॅटो नाही. ते हांफ आहे." हांफ म्हणजे भांगेचंच झाड.

अध्यक्षांबरोबर समितीची आणखी माणसं होती. त्यांनी ऐकलं. आता कोणालाच न ऐकल्यासारखं करता येईना. पोलीस आले, झाडं उपटून नेली. फुलं काढायला थोडेच आठवडे राहिले होते. खटला पुढे चालला नाही, पण बाग गेली.

घरी हेल्गा केवढी कडाडली! "डुमकोप्फ! मूर्खा! नुसतं 'या' म्हणायचं होतं! एक शब्द!" ओपा खाली मान घालून बसले होते. "अध्यक्षांनी वहीत चुकीचं लिहिलं असतं," एवढंच ते म्हणाले. मग ती रडायला लागली, आणि तिची वळलेली मूठ दोन्ही हातांत धरून ते ती चोळत राहिले.

तो हिवाळा वाईट गेला. तिचं विव्हळणं वरपर्यंत ऐकू यायचं. पत्ते तिला धरवेनात. तुम्ही दोघं आळीपाळीने तिचे पत्ते धरायचात, हे तुम्हाला आठवतं का? ओपा सालं मागायला यायचे थांबले. मी एकदा आपणहून बादली भरून नेली तर म्हणाले, "आता कुठे घालू, फ्राऊ नाखबारिन?" फेब्रुवारीत एका सकाळी कचरा टाकायला उतरले आणि जिन्यात बसले ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं होतं. त्यांच्या अंत्यविधीला अध्यक्षही आले होते. मागे उभे राहून टोपी हातात फिरवत होते.

पुढच्याच महिन्यात कायदा बदलला आणि गंभीर आजारी लोकांना हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं. विमा कंपनीशी पत्रव्यवहार तुमच्या आईने केला. पहिल्यांदा नकार आला, नंतर मंजूर झालं. पहिली बाटली आली त्या दिवशी हेल्गा ती नुसती बघत बसली. "तो म्हणाला असता, नियमाप्रमाणे आलं," असं म्हणाली आणि तोंड फिरवलं.

तर राहुल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कायद्याने त्यांनी गुन्हा केला होता, आणि विचारलं नसताना तो कबूलही केला. त्या दिवशी ते गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पण गप्प राहिले असते तर ते कोण असते, हे मला सांगता येत नाही.

हेल्गा-ओमा अजून आहे. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात, तळमजल्यावर. औषध वेळेवर मिळतं, आणि तिची बोटं उघडतात.