पाटीखालचे फोटो

चेन्नईत लहान मुलांना घेऊन कुठे जावं, हे मला विचारा. ओरगडमच्या आमच्या कारखान्यात पुण्याहून बदली होऊन आलेली जोडपी विचारतातही. वंडलूरचं प्राणिसंग्रहालय उघडल्या उघडल्या गाठा, असं मी सांगतो. उन्हं चढली की वाघ सावलीत जाऊन झोपतो आणि पोरं वाघाऐवजी आइस्क्रीमच्या गाडीकडे बघायला लागतात. गिंडीच्या बालोद्यानातली घसरगुंडी दुपारी तव्यासारखी तापते, म्हणून आधी घसरगुंडी, मग हरणं. मरीनाच्या दीपगृहावर वारा फार, पोरांच्या टोप्या हातात धरा. तारांगणात पुढे बसू नका, मान अवघडते. ऐकणाऱ्यांना वाटतं, काय हौशी बाप आहे!

हौस कसली डोंबलाची. हे सगळं मी दोन वर्षांत शिकलो ते दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, कोर्टाच्या हुकमाने.

मी साताऱ्याचा, बायको इथली तंजावरी मराठी. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी मुलगी मराठी, मुलगा मराठी एवढंच पाहिलं आणि पुढे डोळे मिटून घेतले. पाच वर्षांनी घटस्फोट झाला. मुलगी आईकडे, अड्यारला, आजीच्या घरी राहते. आता ती सात वर्षांची आहे. आजीशी तंजावरी बोलते, शाळेत तमिळ नि इंग्रजी, आणि मला अप्पा म्हणते. साताऱ्याच्या घरात बाबा म्हणायची पद्धत आहे, पण तो हट्ट मी सोडला.

एक हट्ट मात्र सोडला नव्हता. मे महिन्याच्या सुट्टीत तिला महिनाभर साताऱ्याला न्यायचं. माझ्या आईची एक बाजू अर्धांगवायूने गेली आहे, तिला प्रवास झेपत नाही. नातीला तिने तीन वर्षांत फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. माझा अर्ज कोर्टात पडून होता आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्यावर निकाल होणार होता.

"सर, प्रत्येक भेटीचे फोटो ठेवा, तिकिटं ठेवा," वकीलबाई म्हणाल्या. मला हे दोनदा सांगायची गरज नव्हती. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. जे कागदावर नाही ते झालंच नाही, हे मी नव्या पोरांच्या डोक्यात रोज कोंबत असतो. मी तक्ता केला. प्रत्येक ठिकाणी शिरताना नावाच्या पाटीखाली तिचा एक फोटो, एक मधला, आणि पाच वाजता आजीच्या फाटकाशी शेवटचा. एकदा झालेलं ठिकाण पुन्हा नाही, म्हणजे फाइल भरगच्च दिसते.

पोर हुशार. चौथ्या-पाचव्या खेपेपासून ती न सांगता पाटीखाली जाऊन उभी राहायला लागली. "स्माइल, अप्पा?" असं विचारायची, हसायची, आणि मी फोन खाली घेतला की तिचं हसू मावळायचं. गिंडीला तिला एक मोर फार आवडला होता. पिसारा झडलेला, कुंपणाशी येऊन उभा राहणारा. नंतर कितीदा तरी म्हणाली, "अप्पा, तो मोर परत बघू?" मी म्हणायचो, "तिथला फोटो झालाय ना, राणी." हे मी खरंच म्हणायचो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सुनावणीआधीचा शेवटचा शनिवार मार्चअखेरचा होता. यादीत समुद्राकाठच्या रस्त्यावरचं मगरींचं उद्यान राहिलं होतं. आजी फाटकापर्यंत आल्या, माझ्या हातात नेहमीचा दहीभाताचा डबा दिला. बाहेरचं अन्न पोरीच्या पोटात जाऊ नये म्हणून त्या दर खेपेला तो देत. म्हणाल्या, "पोरीस रात्रभर झोप नाही. उन्हांत फिरवूं नका हो. वेगीं आणून सोडा."

मला त्यात डाव दिसला. आज लवकर सोडायला लावायचं आणि सुनावणीत म्हणायचं, बापाला दिवसभर पोर सांभाळता येत नाही, महिनाभर काय सांभाळणार? मी मान डोलावली आणि निघालो.

गाडीत ती झोपली. उद्यानाच्या दारात उठवली तर निमूट पाटीखाली गेली, भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि हसली. "स्माइल, अप्पा?" विचारलं नाही, ते माझ्या लक्षात आलं. मगरींच्या डबक्यापाशी म्हणाली, "कडेवर घे." सात वर्षांची पोर कधी कडेवर मागत नाही. घेतली, तेव्हा माझ्या मानेला तिचं कपाळ लागलं. चटका बसला.

मला कळलं होतं. हे वाक्य मी कोर्टात बोललो नाही, आईला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. बारा वाजले होते आणि पोरीला ताप आहे हे मला कळलं होतं. तशातही मी एका हाताने फोन लांब धरला आणि मधला फोटो काढला.

"अप्पा, वीट्टुक्कु पोलामा?" ती म्हणाली. घरी जाऊया का? आजारी पडली की ती तमिळच बोलते.

"पाच वाजता," मी म्हणालो.

मग मी तिला गाडीत मागच्या सीटवर निजवलं, एसी लावला, रुमाल भिजवून कपाळावर ठेवला आणि चार वाजेपर्यंत त्या आवारातच गाडी उभी करून घड्याळाकडे बघत बसलो. वाटेत औषधाची दुकानं होती, दवाखानेही होते. पण दवाखान्याचा कागद झाला असता, आणि त्या कागदावर दुपारची वेळ पडली असती.

पाचला फाटकाशी आजींनी डबा उघडला. दहीभात तसाच होता. त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला.

"अग बाई, पोर भाजते आहे! केव्हापासून?"

"आत्ता, गाडीत," मी म्हणालो. "येताना."

पोर माझ्या खांद्यावर होती, आणि जागी होती. तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. आजींनी तिला ओढून घेतलं आणि मी शेवटचा फोटो न काढता परत आलो.

फाइलमध्ये वकीलबाईंनी मगरींच्या डबक्याचा फोटो सगळ्यात वर लावला. त्यात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आहे, डोळे मिटलेले. लाड चाललेत असंच कुणालाही वाटेल. "हा एक फोटो पुरे आहे, सर," बाई म्हणाल्या.

न्यायाधीशबाईंनी फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि मुलीला एकटीला आत बोलावलं. दहा मिनिटं दार बंद होतं. नंतर आम्हा दोघांना बोलावून त्या शांतपणे म्हणाल्या, "अप्पा त्रास देतात का, विचारलं. नाही म्हणाली. अप्पा चांगले आहेत, त्यांनी मला सगळं दाखवलं, म्हणाली. साताऱ्याला जाशील का विचारलं, तर नको म्हणाली. तीनदा विचारलं. मी जबरदस्ती करणार नाही. शनिवार आहेत तसे चालू राहू देत."

तापाचं ती बोलली नव्हती. मला पाठीशी घालून ती नको म्हणाली होती. तिने सगळं सांगून टाकलं असतं तर मला निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं. त्या संध्याकाळी आईने फोनवर विचारलं, "मग पुढच्या मे महिन्यात?" मी हो म्हणालो.

पुढच्या शनिवारी मी तिला गिंडीला नेलं, मोर बघायला. वाटेत सांगितलं नव्हतं, म्हटलं खूश होईल. गाडीतून उतरली, बालोद्यानाची पाटी पाहिली आणि जाऊन तिच्याखाली उभी राहिली. हात सरळ, हसू तयार.

"आज फोटो नको," मी म्हणालो.

"का?"

"आता लागत नाहीत."

तिने हात सैल सोडले. मग तिने विचारलं, "अप्पा, वीट्टुक्कु पोलामा?"

"मोर बघायचाय ना आपल्याला?"

तिने मान हलवली. नाही. तिथे, मगरींपाशी, जसं विचारलं होतं तसंच तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी मी हो म्हणालो. अकराच्या आत आम्ही अड्यारला पोचलो. आजींनी फाटक उघडलं, आम्हाला इतक्या लवकर आलेलं पाहिलं, आणि काही विचारायच्या आधी पोरीच्या कपाळाला हात लावला.