चुन्याची तीन बोटं

ओल्या चुन्याचा वास आला की निजामाच्या अमलातली बीडची ती जुनी गल्ली आठवते आणि माझा उजवा हात आपोआप मागं सरतो. गल्ली इतकी अरुंद, की ऊन दुपारीच काय ते खाली उतरायचं. म्हणून सकाळीच जागा हेरून, कॅमेऱ्याचे तिन्ही पाय रोवायचे तिथं मी चुन्याची तीन बोटं ओढून गेलो. दुपारी कॅमेरा घेऊन आलो, तर गल्ली माणसांनी भरलेली. "चुना कावून टाकला बे?" म्हणत एकानं माझा हातच पिरगळला. रस्ता रुंद करायला आलेल्या मोजणीदारांनी असाच चुना टाकून पलीकडची गल्ली पाडली होती, हे मला परगावच्याला कुठून ठाऊक असणार! "मी मोजणीवाला न्हाई, फोटोवाला हाय," मी ओरडलो. काठ्या पुढं सरकल्या. तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. "फोटोवाला हायस ना? मग काढ आमच्याम्होरं. मी हितून हलायची न्हाई." मी चुन्याच्या खुणांवर कॅमेरा रोवला, त्याच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि मनात आकडे मोजत राहिलो. तेव्हा फोटो काचेवर घ्यायचे, त्याला बराच वेळ लागे आणि तेवढ्यात हललेलं माणूस उमटत नसे. फोटो छापला तेव्हा काठ्या नाचवणारे सगळे धुरासारखे विरले होते. म्हातारी तेवढी लख्ख आली होती. पुढं रस्ता खरंच रुंद झाला, ते दारही गेलं. परवा तो जुना फोटो पेटीतून काढून पुन्हा पाहिला. ती अजून वाट अडवून उभी आहे.