उलट्या पाण्याची वेळ

रझियाआपा गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने कंधारहून केला. मी नांदेडला घरी मेथी निवडत बसले होते. तिचं बोलणं संपलं तरी फोन कानालाच धरून राहिले... त्याला आता महिना होत आला. या महिन्यात सारखी आठवत राहिली ती कोलकात्याची एक दुपार.

कंधारच्या शाळेत आम्ही दोघींनी वीस वर्षं शिकवलं. मी मराठी, आपा भूगोल. निवृत्तीनंतर त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलं, आणि आपांनी हुगळी नदी बघायला कोलकात्याला जायचं काढलं. मीही सोबत निघाले.

घाटावर नदीची सफर घडवणाऱ्या बोटींची तीन-चार टेबलं मांडलेली होती. एका बोटीत थंडगार केबिन, जेवण, गाणी. दुसरी संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातले घाट दाखवणारी. मला थंडगारच हवी होती, कारण तिच्यात धक्क्यावरून सरळ आत जाता येत होतं. आपा मात्र प्रत्येक टेबलावर एकच विचारत होत्या, भरतीचं पाणी इथं किती वाजता येतं? कुणालाच सांगता येईना. शेवटी दोर गुंडाळत बसलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याने सांगितलं, चारच्या सुमाराला. त्या वेळी पाण्यावर असणारी बोट एकच होती, पत्र्याच्या छपराची, लाकडी बाकांची. ती गाठायला तीसेक पायऱ्या उतरायच्या होत्या.

मी चिडले. उतराल, पण परत चढाल कशा, असं विचारलं. आपा सहाव्या पायरीवरच टेकल्या होत्या. दम खाऊन म्हणाल्या, "सुनंदा, लई वर्षं पोरांना सांगितलं, नदी समुद्राकडं जाते. एकदा तिला परत येताना बघू दे."

उरलेल्या पायऱ्या मी त्यांचा हात धरून उतरले.

नदीच्या मध्यावर बोट मंदावली. आपांची नजर जलपर्णीच्या एका पुंजक्यावर होती. तो प्रवाहाबरोबर खाली चालला होता. मग रेंगाळला, जागच्या जागी फिरला... आणि हळूहळू उलटा निघाला.

"वर जाऊन राहिलंय बघ," आपा अगदी हळू म्हणाल्या. बाकीचे प्रवासी पुलाचे फोटो काढण्यात दंग होते.

परतताना त्या पायऱ्या चढायला आम्हाला पाऊण तास लागला. दर दोन-तीन पायऱ्यांवर बसून आपा मला चंद्र पाणी कसं ओढतो ते समजावत होत्या.

परवा शाळेतल्या शोकसभेला गेले होते. निवृत्तीनंतरही आपा अधूनमधून ज्या भूगोलाच्या वर्गात डोकावत, तिथे भारताचा जुना नकाशा अजून टांगलेला आहे. जवळ जाऊन पाहिलं. हुगळीपाशी पेन्सिलीने समुद्राकडे जाणारा एक बारीक बाण, त्याला लागून दुसरा, उलट दिशेचा. आणि खाली आपांच्या वळणदार अक्षरात : 'भरतीच्या वेळी. स्वतः पाहिले आहे.'