चुन्याखालचा चौक

भूतबीत, देवीबिवी... माझा कशावरच विश्वास नव्हता. होता तो फक्त ऑइल पेंटवर. लालबागला मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत भिंती.

आमच्या चाळीत तळमजल्यावर जिवलीबाई राहायची. वारली, मूळची डहाणूकडची. नवरा तबेल्यात कामाला. तिच्या लेकीचं लग्न ठरलं. त्यांच्यात भिंतीवर देवीचा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तो लिहायचा सवाष्णींनीच. खोलीत ओल, म्हणून बाहेरच्या भिंतीवर गेरू सारवून चार बायकांनी दिवसभर खपून, बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, नाचणारी माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेजारची उरलेली अर्धी भिंत दिसली. मोक्याची जागा! ठोकलं तिथे 'झालाच पाहिजे'... तासाभरात हवालदार दोन माणसं घेऊन हजर. घोषणा कुठली नि देवी कुठली, त्यांना सारखंच. सगळं ओल्या झाडूने घासलं, वर चुना फासला. जिवली आडवी आली, तिला बाजूला सारलं.

लग्न दुपारी. वऱ्हाड निघालेलं. मी शहाणा डबा-ब्रश घेऊन पुढे. म्हटलं, बाई, अर्ध्या तासात काढून देतो, कुणाच्या बापाला पुसता येणार नाही असा.

"तुझ्या हातचा लागत नाय, भाऊ," ती म्हणाली. "तू भिंतीवर मागणं लिवतो. आमी बोलावणं लिवतो. ती आली हाय, बसली हाय. आता तिला कोण उठवतो बघू."

आणि तिने पांढऱ्याफटक भिंतीपुढे बसून बायकांना गाणं धरायला लावलं.

उन्हात चुना वाळत गेला... आणि चौक वर आला. गेरू चुन्यातून फुटतो, हे मलाही ठाऊक आहे. पण घासून काढलेल्या पिठाच्या रेषा? पानापानासकट? हवालदाराने परत येऊन चुन्याचा दुसरा हात मारायला लावला. पुन्हा वर! तिसऱ्या वेळी त्याने स्वतः ब्रश उचलला, देवीकडे बघितलं आणि तो बादलीत सोडला. लग्न उरकून घ्या म्हणाला.

लग्न लागलं. माझा ऑइल पेंट मात्र—गिऱ्हाइकाला पाच वर्षांची गॅरंटी द्यायचो तो—चुन्याच्या एका हातात गडप.

पुढे मी गुपचूप पिठानेही घोषणा लिहून पाहिली. 'पाहिजे' उंदरांनी खाल्लं.

कारण मला आजही सांगता येत नाही. पटत नसेल त्याने खुशाल चुन्याची बादली घेऊन यावं. मी चौकाच्या बाजूने उभा राहीन... ब्रश घरी ठेवून.