बारा दिवसांच्या आतले

यमुताई गोंडाणे सातवी पास, आणि वस्तीत तेवढ्या शिकलेल्या बायका मोजून चार. म्हणून १९७४ साली महिला मंडळाच्या दवाखान्यासाठी अनुदानाचा अर्ज लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. दवाखाना एका खोलीचा. डॉक्टर दर बुधवारी येई, पण बाळंतपणं काही बुधवार बघून होत नसत. वस्तीला कायमची नर्स हवी होती, आणि तिचा पगार सिव्हिल लाइन्समधल्या एका ट्रस्टनं दिला तरच ती मिळणार होती.

पहिला अर्ज सहा पानांचा झाला. निम्म्या पानांत ट्रस्टचा मोठेपणा, उरलेल्यांत वस्तीचं रडगाणं. ट्रस्टमधल्या लतिकाबाई मनानं चांगल्या. त्यांनी चहा दिला आणि पाच पानं बाजूला ठेवली.

"आमची स्तुती नको. काय हवं, कुणासाठी हवं आणि गेल्या पाच वर्षांत किती बाळं दगावली, एवढंच लिहा."

यमुताई तीनशे घरं फिरली. "किती लेकरं गेली वं?" असं विचारी आणि सांगतील ते लिहून घेई. बेरीज झाली चार. महिन्याभरात उत्तर आलं: वस्तीचं आरोग्य समाधानकारक दिसतं, नर्सची आवश्यकता नाही.

समाधानकारक म्हणे! ती तणतणत शेजारच्या इंदूबाईकडे गेली. बोलता बोलता तिला काही सुचलं.

"तुह्यी बाळंतपणं किती झाली वं?"

"पाच."

"अन् लेकरं तर तीनच. मले तर एकबी गेलं नाही म्हटलं होतं!"

"नाव ठेवाच्या आधीच गेले ते. त्याईले काय मोजाचं?"

बाराव्या दिवसाच्या आत गेलेलं मूल वस्तीत कुणी मोजत नसे. त्याचा विषय काढला की आई खचते, म्हणून सगळ्यांनी गप्प राहायचं. रीत मायेचीच होती, आणि यमुताईला ती पक्की ठाऊक होती. तरी प्रश्न विचारताना तिला ते सुचलं नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला.

ती पुन्हा निघाली. आता ती आधी बाळंतपणं विचारी, मग हयात मुलं. दोघींनी तोंडावर दार लावलं. काही जणी सांगता सांगता रडल्या, तिथं ती वही मिटून बसून राहिली. सगळं तिनं एका तक्त्यात उतरवलं. या वेळी बेरीज झाली एकतीस.

त्याच तक्त्यावर पुढं नर्स मंजूर झाली. पण ती तो घेऊन ट्रस्टमध्ये गेली त्या दिवशी, तक्ता वाचताना लतिकाबाई शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"हे १९५१ सालचं आहे. पाच वर्षांत बसत नाही. कुणाच्या घरचं?"

"माह्या. मुलगा होता बाई, आठ दिवसांचा."

लतिकाबाईंनी पेन उघडून त्या ओळीवर टेकवलं.

"मले ठाऊक आहे, हे चालत नाही," यमुताई म्हणाली. "तेवीस वर्षांत मी त्याले कुठीच मोजलं नव्हतं. एकदा लिहाचं होतं."

लतिकाबाईंचं पेन काही हलेना. तेव्हा यमुताईनं ते त्यांच्या हातातून घेतलं, त्या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली एकतीसचे तीस केले.