ट्रान्सफॉर्मरवरची मोकळी जागा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चिक्कडपल्लीच्या माझ्या घरी कूलरमध्ये पाणी ओतत होते. मे महिना, दुपारचे साडेतीन. "वन्सं, हे खाली पडलेत... ट्रान्सफॉर्मरपाशी," एवढंच त्या बोलल्या. मला आधी वाटलं, शॉक बसला. सारी नोकरी विजेच्या खात्यात काढलेल्या माणसाबद्दल दुसरं काय मनात येणार? ऑटो करून बरकतपुऱ्याला पोचले तोवर त्याला दवाखान्यात हलवलं होतं, आणि दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शॉक वगैरे काही नव्हता. माझा चौऱ्याहत्तर वर्षांचा भाऊ सलग तीन दुपारी रस्त्यावरच्या उन्हात उभा राहिला आणि तिसऱ्या दुपारी गेला. डॉक्टरांनी कागदावर उष्माघात लिहिलं. ते खरंच आहे, पण त्या एका शब्दात बरेच लोक अलगद सुटून गेले आहेत. आज सात आठवडे झाले. माझा राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मधुदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचे आजोबा निजामाच्या काळात शेती भावाकडे सोपवून हैदराबादला आले आणि आम्ही इथलेच झालो. पुण्याचे पाहुणे आले की आमचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून गालात हसतात, हसू देत. दादा इंजिनिअर होऊन विजेच्या खात्यात लागला तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते. जिल्ह्याजिल्ह्यांत बदल्या भोगून तो शहरात परतला आणि त्याला वीजबचतीच्या विभागात टाकलं. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि जिन्याखालची खोली. वीज विकणाऱ्या खात्यात वीज वाचवा सांगणाऱ्याला कोण विचारतो? बरोबरीचे लोक त्याला हसायचे, कुणाशी वाकडं आलं म्हणून इथे टाकलंय असं म्हणायचे. यालाच मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. शेतातल्या मोटारींना वीज वाचवणारे कपॅसिटर बसवा म्हणत तो गावोगाव हिंडला, शाळांमधून बोलला, दिलसुखनगरच्या दुकानदारांना पाट्यांचे दिवे कमी करा म्हणून हात जोडून आला. दुकानदार त्याला चहा पाजायचे आणि दिवे तसेच ठेवायचे.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि ते तो कुणालाही पंगतीवरून समजावायचा. लग्नात सगळेच पहिल्या पंगतीला बसायचं म्हणाले तर तेवढी ताटं, तेवढे वाढपी, तेवढा मोठा मांडव लागतो, आणि तासाभराने ते सगळं रिकामं पडून राहतं. चार घरची माणसं म्हणाली, आम्ही दुसऱ्या पंगतीला बसतो, की त्याच भांड्यांत सगळं लग्न पार पडतं. विजेचंही तेच. संध्याकाळी सहा ते दहा सारं शहर पहिल्या पंगतीला बसतं, उन्हाळ्यात तर दुपारीसुद्धा. तेवढ्या वेळापुरती नवी केंद्रं बांधायची, नवा कोळसा जाळायचा, आणि तरीही शेवटच्या टोकाच्या माणसाचा पंखा बंद. "आपल्या देशाला वीज कमी नाही शालू, आपल्याला थांबायचं माहीत नाही," असं तो म्हणायचा. मी त्याला विचारायचे, "तू थांबलास, तुझी वीज वाचली. ती जाते कुठे?" तो म्हणायचा, "ज्याला कमी पडते त्याच्याकडे." त्याचा या उत्तरावर इतका विश्वास होता की मला चिडवायचीही चोरी व्हायची.

तरी मी चिडवायचेच. माझ्या मुलीच्या लग्नात हा मामा फंक्शन हॉलच्या मॅनेजरशी भांडला, कारण भर दिवसा झुंबरं पेटलेली होती. मंगलाष्टकं चालू असताना याने स्विचबोर्ड शोधून काढला आणि अर्धा हॉल बंद केला. व्हिडिओवाला ओरडला, विहीणबाईंचं तोंड वाकडं झालं, आणि दादा शांतपणे अक्षता टाकत उभा. माझ्या घरी संध्याकाळी आला आणि मी इस्त्री करत असले की चपला काढायच्या आधी म्हणायचा, "सहा वाजून गेले, ते बंद कर." वहिनींनी अशा माणसाबरोबर अठ्ठेचाळीस वर्षं काढली. घरात एसी नाही. मुलगी परदेशातून दर उन्हाळ्यात पैसे पाठवते म्हणायची, हा दर उन्हाळ्यात कूलरचा वाळा बदलायचा.

निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने स्वतःची बिल्डिंग धरली. बारा फ्लॅट, सगळ्या जातीधर्माची आणि तीन-चार भाषांची माणसं. पाण्याची मोटार सकाळी अकराला चालवायची. गीझर मजल्यामजल्याने पाळी लावून. वॉशिंग मशीन दुपार टळून गेल्यावर पण सहाच्या आत, इस्त्री सकाळी. जिन्यात वेळापत्रक लावलं, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत. मराठीत का नाही म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "इथे मराठी आम्ही दोघंच, तिला तोंडी सांगता येतं." पहिलं वर्ष लोकांनी कुरकुर केली. मग लोक पाळायला लागले, कारण हा स्वतः दारोदार जाऊन विचारपूस करायचा आणि कुणाचं लहान मूल आजारी असलं तर त्या घराची पाळी आपल्या अंगावर घ्यायचा. तारेला चिमट्यासारखं लावायचं एक मीटर घेऊन तो गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून येणाऱ्या बिल्डिंगच्या केबलचा भार मोजायचा. दोन उन्हाळ्यांत तो भार चांगलाच उतरला. तेव्हा त्याला झालेला आनंद मी त्याच्या मुलीच्या जन्माच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता.

आणि इथे त्याने चूक केली. त्याच्यासारखा माणूसच करील अशी चूक. त्याने ते सगळे आकडे सुवाच्य अक्षरात उतरवले, सोबत पत्र जोडलं आणि आपल्या जुन्या ऑफिसला नेऊन दिलं. पत्रात लिहिलं की बारा घरांनी नुसत्या वेळा बदलून आपल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा मोकळी केली आहे, हाच प्रयोग इतर कॉलन्यांमधून करावा, मी विनामूल्य येऊन शिकवीन. पत्राला उत्तर आलं नाही. महिनाभर वाट पाहून त्याने दोनदा जाऊन चौकशी केली. "पाहतो म्हणालेत," असं सांगायचा. मला वाटलं, रद्दीत गेलं असेल. रद्दीत गेलं असतं तर आज माझा भाऊ असता.

शेजारच्या प्लॉटवर कोचिंगच्या मुलींसाठी पाच मजली हॉस्टेल उभं राहिलं. खोलीखोलीत एसी. एवढ्या मोठ्या जोडणीला स्वतःचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो हे मलासुद्धा दादाच्या तोंडून ऐकून ऐकून माहीत होतं, आणि तो बसेल म्हणून दादा निश्चिंत होता. बसला नाही. मे महिन्यात हॉस्टेल भरलं आणि दुपारी एकच्या ठोक्याला, भार न सोसून, दादाच्या गल्लीची वीज जायला लागली. पहिल्या दुपारी दादा खाली उतरला तो लाइनमनला मदत करायला. दुसऱ्या दुपारी हॉस्टेलच्या मॅनेजरला भेटायला गेला, की एकेका मजल्याचे एसी पाळीने लावा, मी तुम्हाला तक्ता करून देतो. मॅनेजरने त्याला गेटबाहेर ताटकळत ठेवलं. वॉचमनने खुर्चीही दिली नाही. तिसऱ्या दुपारी वहिनींनी दाराला कडी घालून हात धरला, तर म्हणाला, "पाच मिनिटांत येतो."

त्याच्या ऑफिसने शोकसभा घेतली. मोठा हॉल, माणसं पंचवीस, आणि एसी अठरावर. मी डोक्यावरून पदर घेऊन कान झाकून बसले होते, वहिनी कुडकुडत होत्या. बाहेर लख्ख ऊन आणि आत सगळे पडदे ओढून दिवे लावलेले. समोर दादाचा फोटो आणि फोटोवरही एक दिवा. एकेक जण उठून साहेबांचा साधेपणा वर्णन करत होता. मग दादाच्या भागाचा तरुण इंजिनिअर बोलायला उभा राहिला. भला दिसत होता पोरगा, मनापासून बोलत होता. म्हणाला, "रिटायरमेंट के बाद भी सर ने डिपार्टमेंट का साथ दिया. सर के रीडिंग की वजह से हम नया ट्रान्सफॉर्मर डाले बगैर पूरे हॉस्टेल को कनेक्शन दे सके." आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! ते कागद रद्दीत गेलेच नव्हते. कुणीतरी ते हॉस्टेलच्या फायलीला जोडले होते, आणि वर शेरा मारला होता की या ट्रान्सफॉर्मरवर पुरेशी जागा मोकळी आहे. बारा घरांनी दोन वर्षं गीझरच्या पाळ्या लावून केलेली जागा. मी उभी राहून बोलणार होते, पण वहिनींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

खाली पायऱ्यांवर यादगिरी भेटला, त्याच भागाचा लाइनमन. दादाने त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. तो वर सभेला आलाच नव्हता. मी त्याला विचारलं, हे फायलीचं सरांना ठाऊक होतं का? तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "दूसरे दिन मैं च बोला अम्मा. फाइल में आपका कागज है बोलके. सर कुछ नहीं बोले. ऊपर जाओ बोला मैं, सुनेच नहीं... धूप में खड़े रहे." म्हणजे तिसऱ्या दुपारी तो सगळं जाणून उतरला होता. घरात एक शब्द बोलला नाही. आपल्या हाताने घातलेला घोळ आपल्या हाताने निस्तरायला निघाला होता, टोपीसुद्धा न घालता.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. त्या इंजिनिअरवर आहेच राग, त्या मॅनेजरवर आहे, गेटवर खुर्ची न देणाऱ्या वॉचमनवर आहे, शहरभर रिकाम्या मजल्यांना गार करत बसलेल्या काचेच्या इमारतींवर आहे. पण सगळ्यात जास्त दादावर आहे. एवढा शिकलेला माणूस, खात्यात हाडं झिजवलेला, त्याला एवढं कळू नये की मोकळी जागा दाखवली की तिच्यावर पहिला हात कुणाचा पडतो? ज्याला कमी पडते त्याचा कधी पडलाय? अटी घालायच्या होत्यास. भांडायचं होतंस. माझ्याशी भांडायचास तसं तिथे भांडला असतास तर!

तेराव्यानंतर बिल्डिंगची मीटिंग वहिनींच्याच हॉलमध्ये झाली. पहिल्या मजल्यावरचे तेलुगू शेजारी राव गारू म्हणाले, आपण वाचवलं की शेजारचे वापरणार, तर आपणच का मरायचं? मीटरचा मंजूर भार सगळ्यांनी खात्याकडून वाढवून घ्या, एसी लावा, आपली जागा आपण भरून टाका. मी त्या बिल्डिंगमध्ये राहत नाही, तरी सगळ्यांत मोठ्याने 'हौ' म्हणाले. जिन्यातलं वेळापत्रक त्याच संध्याकाळी कुणीतरी काढलं. पुढच्या पंधरवड्यात घरोघरी एसी आले. वहिनींच्या मुलीनेही तिकडून पाठवला, आणि बसवून घ्यायला मी जातीने हजर राहिले. पावसाने ओढ दिली होती, जूनमध्येही मेसारखंच ऊन होतं.

त्या दुपारी आम्ही दोघी दादाच्या खोलीत दार लावून बसलो. मी रिमोट घेतला आणि मुद्दाम अठरावर नेला. सूडच होता तो, दुसरं काही नाही. थोड्याच वेळात हुडहुडी भरली. वहिनींनी कपाटातून दोन शाली काढल्या, एक मला दिली. एसीचा आकडा वाढवावा असं मी म्हणाले नाही, त्याही म्हणाल्या नाहीत. दोघी शाल पांघरून बसलो. तासभर गेला असेल नसेल, खाली रस्त्यावर ट्रान्सफॉर्मरपाशी धाडकन आवाज झाला आणि एसी बंद पडला. वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल रडायला लागलं. समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांना यंत्रावर श्वास देतात, त्यांची सून जिन्यात येऊन कुणाला तरी हाका मारत होती. हॉस्टेलचं जनरेटर सुरू झालं. त्यांनी मे महिन्यातच आणलं होतं.

वहिनींनी तक्रारीचा नंबर लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडच्या मुलीने ग्राहकाचं नाव विचारलं. मीटर अजून दादाच्याच नावावर आहे, वहिनींनी तेच नाव सांगितलं. त्या मुलीने दादाच्या मे महिन्यातल्या तक्रारी आणि आजची नोंद तपासली. मग अगदी आदराने म्हणाली, "सर को बोल दीजिए अम्मा, इस बार हॉस्टेल का नहीं है. लोड आपकीच बिल्डिंग का बढ़ गया."

"बोलते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मी शाल काढून त्यांच्याकडे न बघता घडी करत बसले.